इथं कोणी राहत नाही

"मी इथं राहत नाही," असं त्या सकाळी सांगणारा हा चौथा माणूस.

हेर्लिंदा आर्रेदोंदोनं पेन्सिल उचललीच नाही. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. माणूस ट्रेलरच्या दारात उभा होता. पायात सपाता, अंगात बनियन, हातात अर्धी खाल्लेली टॉर्टिया. आतून मिरच्या भाजल्याचा ठसका येत होता. पायरीवर त्याचे कत्तलखान्याचे पांढरे रबरी बूट धुऊन उलटे ठेवले होते आणि खिडकीत डब्यात लावलेल्या टोमॅटोच्या रोपाला दोन टोमॅटोही लागले होते. आणि हा इथं राहत नव्हता.

"मग कुठं राहता?"

"मेक्सिकोला, ग्वानाहुआतोत. सेलायाजवळ आमचं गाव आहे."

"तिथून येऊन किती वर्षं झाली?"

माणसानं टॉर्टिया चावत हिशेब केला. "अठरा. पण ते कामासाठी, सेन्योरा हेर्लिंदा. काम इथं करतो. राहतो तिकडंच."

हेर्लिंदाच्या मनात आलं, धन्य आहे तुझी. अठरा वर्षं जिथं जेवलास, पोरं झाली, दात काढून घेतलेस, तिथं तू राहत नाहीस. आणि जिथं आईच्या मयतीलाही गेला नाहीस तिथं राहतोस. तुझ्यापेक्षा तो टोमॅटो शहाणा. त्याला निदान आपली मुळं कुठं आहेत ते ठाऊक आहे.

२०१० सालच्या शिरगणतीचे ते दिवस होते. नेब्रास्कातल्या ऑल्डन काउंटीत ज्यांनी टपालानं आलेला कागद भरून पाठवला नव्हता त्यांच्या दारी जाऊन माणसं मोजायचं काम हेर्लिंदाकडे होतं. गळ्यात बिल्ला, खांद्यावर काळी पिशवी. कत्तलखान्यामागची ट्रेलरची वस्ती तिला दिली होती, कारण तिला स्पॅनिश येत होतं. येत होतं म्हणजे काय, तर तिचं स्पॅनिश ऐकून ही माणसं गालातल्या गालात हसायची आणि पाठ वळली की 'पोचा' म्हणायची. पोचा म्हणजे इकडेच वाढलेली, जीभ बाटलेली बाई. तिचे आजोबा बिटाची शेतं खुरपायला राज्याच्या पश्चिम टोकाला आले ते तिथंच मातीत गेले. आईही तिथंच. हेर्लिंदाला आपण कुठं राहतो याबद्दल आयुष्यात कधी शंका आली नव्हती, आणि ज्यांना येत होती त्यांचा तिला मनापासून तिटकारा होता.

दुपारी ती लुथरन चर्चच्या तळघरात कागद द्यायला गेली. गणतीवाल्यांचं ऑफिस तिथंच होतं. भिंतीवर राज्याचा मोठा नकाशा, त्यात त्र्याण्णव काउंट्या. हिस्पॅनिक, म्हणजे मूळचे स्पॅनिश बोलणारे, लोक जिथं जास्त ती काउंटी गडद तांबडी, जिथं कमी ती फिकी, आणि जिथं नुसत्या गाई आणि नॉर्वेजियन म्हातारे ती पांढरी. हा 'हिस्पॅनिक' शब्द हेर्लिंदाच्या घरी कधी कुणी उच्चारला नव्हता. माणसं मेक्सिकोची मेहिकानो असत, ग्वातेमालाची ग्वातेमाल्तेको असत, सरळ असत नाहीतर चोर असत. पण नकाशावर सगळ्यांना एकच रंग. ते तांबडे चट्टे बघून राज्यात कत्तलखाने कुठं कुठं आहेत ते शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. ऑल्डन काउंटी मात्र फिकी गुलाबी होती, शंभरदा धुतलेल्या परकरासारखी. दहा वर्षांपूर्वीच्या गणतीत तिथं जेवढी हिस्पॅनिक माणसं निघाली होती त्याहून जास्त तर कत्तलखान्यात लॉकर होते.

"हे पुन्हा होता कामा नये," डॅरल कुगलर म्हणाला. तो इथला मुख्य. पूर्वी तो शाळेचा मुख्याध्यापक होता. हेर्लिंदाच्या मुलीचं, यादिराचं, नाव जिभेला वळत नाही म्हणून यानं हजेरीपटावर 'जूडी' लिहून टाकलं होतं, आणि सहा वर्षं पोर जूडी म्हणून हात वर करत होती. आता शाळेला नवीन इमारत हवी होती, तिचा सरकारी पैसा डोकी मोजून मिळायचा आणि डोकी कमी पडत होती. म्हणून तो म्हणत होता, "आपल्या हिस्पॅनिक मित्रांना समजावून सांगा. ते मोजायला कठीण आहेत, असं वरचे म्हणतात."

"मोजायला कठीण नाहीत, मिस्टर कुगलर. कारखान्याचा भोंगा झाला की फाटकातून रांगेनं बाहेर पडतात. गेल्या तीस वर्षांत बघितलं नाहीत का?"

कुगलर हसला. हसण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथं फरक एवढाच की गाढव कोण हे ह्या हरीनंच पूर्वी ठरवलेलं होतं.

पण काम हेर्लिंदानं चोख केलं. तुच्छता वाटते म्हणून काम वाईट करायचं ही तिची रीत नव्हती. शिकवणीच्या पुस्तकात लिहिलं होतं की माणूस जिथं जास्तीत जास्त दिवस जेवतो आणि झोपतो तिथं तो राहतो. हे वाक्य तिनं आठ-दहा दारांवर वाचून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी. 'राहणं' हा शब्द ऐकला की या माणसांच्या डोळ्यांपुढं गावातलं देऊळ आणि बाभळीचं झाड उभं राहायचं आणि पुढचं काही ऐकू यायचं नाही. मग तिनं तो शब्दच सोडून दिला. ती विचारायला लागली, "उशी कुठंय तुमची?"

"उशी?"

"उशी. डोक्याखाली घेता ती."

"ती काय, आतल्या खोलीत."

"आणि या घरात अशा किती उश्या आहेत? रोज कुणाच्या ना कुणाच्या डोक्याखाली असणाऱ्या?"

"सात," त्या सकाळचा तो चौथा माणूस म्हणाला; त्याच्या दारी ती पुन्हा गेली होती. त्याच्या ट्रेलरमध्ये त्याच्या मते कोणीच राहत नव्हतं.

तिनं सात लिहिलं. पुढं वंशाचा प्रश्न आला. गोरा, काळा, अमेरिकन इंडियन वगैरे चौकटी होत्या. "वंश? लिहा ना, मेहिकानो," तो म्हणाला. तशी चौकट नाही असं तिनं सांगितल्यावर तो म्हणाला, "मग मोजायला कशाला आलात?" हे मात्र तिला पटलं.

"उशीचं पुस्तकात कुठं आहे?" कुगलरनं एकदा विचारलं होतं.

"पुस्तकात माणसंही नाहीत," ती म्हणाली.

तीन आठवड्यांत तिच्या कागदांवर जेवढी माणसं आली तेवढी बाकीच्या पाच जणांच्या मिळून आली नाहीत. कुगलर खूश होता. हेर्लिंदा खूश नव्हती. कारण तिच्या स्वतःच्या घरात एक माणूस होता जो तिथं राहत नव्हता.

क्रेसेन्सिओ, तिचा नवरा. सगळे त्याला चेंचो म्हणायचे. एकतीस वर्षं तो कत्तलखान्यात हाडावरून मांस सोडवायच्या रांगेत उभा होता. त्याच्या उजव्या हाताची बोटं आता पूर्ण उघडत नसत, हात हलवून निरोप घेतानाही सुरी धरल्यासारखा दिसे. घर हेर्लिंदानं घेतलेलं. त्या घरात चेंचोनं कधी एक खिळा ठोकला नाही. "दुसऱ्याच्या गावातल्या भिंतीला भोक कशाला पाडायचं," म्हणायचा. त्याची तपकिरी पेटी लग्नापासून पुढच्या दाराशी उभी होती आणि कामावरून आला की तो हॅट त्या पेटीवर ठेवायचा. खुंटी दोन हातांवर होती.

कारण तो मेक्सिकोतल्या साकातेकासमधल्या सान हासिंतोत राहत होता. तिथं त्यानं घर बांधलं होतं. दुमजली, गुलाबी, पुढं तीन कमानी, वर गच्ची आणि दोन बाथरूम. एका बाथरूममध्ये निळी टाइल, दुसऱ्यात हिरवी. फोटो आले होते. आयुष्य इथं आणि बाथरूम तिथं, असं हेर्लिंदा यादिराला म्हणायची. किल्ली त्याच्या बहिणीकडे, चायोकडे होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर चायो तिथं राहतही नव्हती. तिच्या कोंबड्या राहत होत्या.

ऑक्टोबरात चेंचो निवृत्त होणार होता आणि सान हासिंतोला जाणार होता. हेर्लिंदा बरोबर येणार हे त्यानं गृहीत धरलं होतं. ती जाणार नव्हती. हे तिनं त्याला अजून सांगितलं नव्हतं, कारण सांगितल्यावर तो काय म्हणेल याची तिला भीती वाटत होती. तो "बरं" म्हणेल, अशी.

मार्चमध्ये गणतीचा कागद त्यांच्याही घरी आला होता. भरून टाकायला तिला दहा मिनिटं लागली नसती. पण तिनं तो जेवणाच्या टेबलावर ठेवून दिला. बघू या, हा माणूस आपलं नाव आपल्या हातानं लिहितो का. तिसऱ्या दिवशी कागद दिसेना. चेंचोनं त्याच्या आठ घड्या घालून कपडे धुवायच्या मशीनच्या पायाखाली सारला होता, कारण मशीन हलत होतं. तिनं बघितलं आणि कागद तिथंच राहू दिला.

म्हणून मे महिन्याच्या शेवटी त्यांच्याही दारी गणतीवाली आली. स्वतःचं घर मोजायची हेर्लिंदाला मुभा नव्हती. आली ती ब्रेना, विद्यापीठात शिकणारी पोर, नाकावर सनस्क्रीन फासलेली आणि शाळेत शिकलेलं स्पॅनिश एकेक शब्द तपासून बोलणारी. दार चेंचोनं उघडलं. हेर्लिंदा स्वयंपाकघरात घेवडा निवडत होती. तिथून सगळं ऐकू येत होतं.

"नमस्कार, सेन्योर. गणतीचा दिवस एक एप्रिल धरला आहे. एक एप्रिलला या घरात किती माणसं राहत होती?"

"एक," चेंचो म्हणाला. "माझी बायको."

"आणि तुम्ही?"

"मी साकातेकासला राहतो."

ब्रेनानं त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. चेंचोच्या पायात मोजे होते, तोंडात टूथपिक होती. "मिसेस आर्रेदोंदो?" तिनं हाक मारली. "एकच का?"

हेर्लिंदाच्या ओठांवर तो उशीचा प्रश्न आला होता. एकशे बारा परक्या माणसांना तिनं तो विचारला होता, हसत, चिडवत, खरं काढून घेत. घरातल्या माणसाला विचारायला तिची जीभ उचलली नाही. राग आला तिला, आणि रागाच्या खाली लाज. बत्तीस वर्षांच्या संसारात मी याला उशीचा पुरावा मागू?

"लिही एक," ती आतून म्हणाली.

ब्रेना गेल्यावर हेर्लिंदानं चेंचोची उशी पलंगावरून उचलली आणि दाराशी नेऊन पेटीवर ठेवली. वर त्याची हॅट ठेवली.

"हे काय, म्हातारे?"

"जो राहत नाही त्याची उशी पलंगावर कशाला? पाहुण्यांना सोफा आहे."

"अगं, ते सरकारी उत्तर होतं!"

"मलाही सरकारी कळतं. बिल्ला आहे माझ्याकडे."

त्याला वाटलं दोन दिवसांत राग उतरेल. तीन आठवडे झाले. तो सोफ्यावर झोपत होता आणि कामावरून येऊन, पेटीवरच्या उशीवर हॅट ठेवून, मुकाट्यानं खुर्चीत बसत होता. हेर्लिंदा वाढायची, बोलायची, हवामानावर शेरे मारायची. नुसता अबोला असता तर त्यानं सहन केला असता. ती त्याच्याशी पाहुण्यासारखं नीट वागत होती. "अजून थोडा घेवडा घेणार का? संकोच करू नका," म्हणायची. बायकोनं "तुम्ही" म्हणावं याहून मोठा अपमान त्याला ठाऊक नव्हता.

मग जूनमधल्या एका रविवारी, जेवणं झाल्यावर, चायोचा फोन आला. चेंचोची बोटं नीट उघडत नसल्यामुळे तो फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावायचा. त्यामुळे चायो जेवणाच्या टेबलावर बसल्यासारखी बोलायची.

"अरे चेंचो, आमच्याकडे मोजणी आली होती! सरकारची. टोपीवाली पोरगी, अंगात जाकीट. घराघरात जाऊन माणसं मोजतायत."

चेंचो खुर्चीत पुढं सरकला. त्याचा चेहरा उजळला. मेक्सिकोतही गणतीचं वर्ष तेच होतं, हे हेर्लिंदालाही ठाऊक नव्हतं. त्यानं तिच्याकडे असं बघितलं की बघ आता. "आमच्या घरी आली का?"

"आली ना. मला बोलावून घेतलं, किल्ली माझ्याकडे म्हणून. म्हणाली, इथं कोण राहतं? मी म्हटलं, इथं कोणी राहत नाही."

"म्हणजे? माझं नाव सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. म्हटलं, घर माझ्या भावाचं आहे, पण तो उत्तरेला राहतो. तिकडंच लग्न, तिकडंच पोर, तिकडंच सगळं. शेवटचा कधी आला होता म्हणाली. मी म्हटलं, कमानींना रंग दिला त्या वर्षी. मग तिनं कागदावर लिहिलं 'निर्जन' आणि दारावर चिठ्ठी चिकटवून गेली. कोंबड्या मोजत नाहीत म्हणे, विचारलं मी."

"चायो, मी तिथं राहतो!"

पलीकडे चायो हसली. वाईट हसणं नव्हतं ते. भावाची थट्टा समजून हसली बिचारी. "राहतोस तर कधी दिसला नाहीस ते? हे बघ, येणार असशील तर आधी कळव. वरच्या खोलीत मिरच्या वाळत घातल्यात आणि हिरव्या बाथरूममध्ये मक्याची पोती आहेत."

फोन बंद झाला. चेंचो टेबलावरच्या फोनकडे बघत बसला.

हेर्लिंदाला हसू फुटलं. आवरेना. तोंडाला अॅप्रन लावून ती हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अभिनंदन!" ती म्हणाली. "तेल गेलं, तूप गेलं, हाती आलं धुपाटणं! दोन सरकारांनी मिळून शोधलं तुला, आणि दोघांनाही सापडला नाहीस. एवढा मोठा माणूस, नव्वद किलोचा, आणि दोन्ही नकाशांत कुठं नाही! कोंबड्यांच्या पंक्तीत बसलास, चेंचो!"

त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला होता आणि डाव्या हातानं त्याची बोटं एकेक करून सरळ करायचा प्रयत्न करत होता, जसा तो रोज सकाळी करायचा. बोटं पुन्हा वळत होती. ते बघून तिचं हसू थांबलं. वाईट वाटलं तिला, आणि वाईट वाटलं याचाही राग आला.

"मी खोटं नव्हतो बोललो, म्हातारे," तो म्हणाला. "मला खरंच वाटत होतं की मी तिथं राहतो."

"ठाऊक आहे. खोटं बोलला असतास तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तो घरी आला नाही. तो चर्चच्या तळघरात गेला. हे तिला नंतर कुगलरकडून कळलं. हातात हॅट धरून तो नकाशासमोर बराच वेळ उभा होता. ऑल्डन काउंटी कुठली असं विचारून त्यानं त्या फिक्या गुलाबी चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाला की याच्यात एक माणूस लिहायचा राहिला आहे. कुगलरला वाटलं तो कुणा चुलतभावाबद्दल बोलतोय. "नाव काय त्याचं?" असं त्यानं दोनदा विचारलं.

"तुझ्या नवऱ्याचं नाव तरी काय कठीण आहे गं," कुगलर हेर्लिंदाला म्हणाला. "शेवटी मी 'क्रिस' लिहून घेतलं."

"खोडा ते," हेर्लिंदा म्हणाली. "आणि पूर्ण लिहा. अक्षरं मी सांगते."

गुरुवारी ब्रेना पुन्हा आली. संध्याकाळचे सहा वाजले होते. या वेळी चेंचो दारात नव्हता. तो खोलीच्या मधोमध उभा होता, अंघोळ करून, केस विंचरून, चर्चमध्ये मिस्साला जाताना घालायचा शर्ट घालून. हेर्लिंदा स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. हातात कलथा होता.

"एक एप्रिलला या घरात किती माणसं राहत होती?" ब्रेनानं कागदावरून वाचलं.

चेंचो हेर्लिंदाकडे वळला.

"म्हातारे," तो म्हणाला, "मी इथं राहतो का?"

बत्तीस वर्षांत त्यानं तिला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा, ज्याचं उत्तर त्याला आधी ठाऊक नव्हतं. हेर्लिंदानं त्याला लगेच सोडलं नाही. का सोडावं? तिनं कलथ्यावरचा घेवडा बोटानं निपटला.

"एक एप्रिलला उशी कुठं होती तुझी?"

"पलंगावर."

"कुठल्या बाजूला?"

"खिडकीच्या. तुला वारं लागतं म्हणून."

ब्रेना पेन्सिल धरून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. तिला वाटलं हा कागदावरचा प्रश्न आपल्याकडून वाचायचा राहून गेला.

"आणि ऑक्टोबरात?" हेर्लिंदानं विचारलं. एवढं विचारताना मात्र तिचा आवाज जरा चिरकला.

चेंचोनं दाराशी जाऊन पेटीवरची हॅट उचलली, मग उशी उचलली. दोन्ही पोटाशी धरून तो उभा राहिला.

"ऑक्टोबरात तिथं मिरच्या असतात," तो म्हणाला.

हेर्लिंदानं मान फिरवली आणि गॅसवरच्या भांड्याकडे बघितलं. भांड्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"लिही दोन," ती ब्रेनाला म्हणाली. "पण पेन्सिलीनं लिही."

"आम्ही सगळंच पेन्सिलीनं लिहितो, मॅडम."

"मग ठीक आहे."